परत येईपर्यंत

कागद गोळीला चिकटून बसला होता. नखाने सोलायला जावं तर वरचा पांढरा पापुद्रा तेवढा निघायचा, आणि त्याखाली आणखी एक पापुद्रा... आठवडाभर कोटाच्या खिशात राहून, अंगाच्या उबेने ती लिंबाची गोळी अर्धवट पाघळली होती, पुन्हा घट्ट झाली होती, आणि आता ती ना खाण्यातली राहिली होती ना टाकण्यातली. समोरून बंदरखात्याचे मंत्री बोलत होते. "अध्यक्ष महाराज, हे बंदर म्हणजे आपल्या देशाचं दार आहे, दार!" आणि त्यांच्या मागची बाकं वाजत होती. एक बाक सोडून. खांबालगतचं ते बाक रिकामं होतं, आणि सकाळपासून त्याची नजर फिरून फिरून तिथेच जात होती, पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तशी.

गोळ्या त्या बाकावरून यायच्या. एखाद्याचं भाषण मारुतीच्या शेपटीसारखं वाढत चाललं की मास्तर खिशातून पुडी काढायचे, शिपायाला भुवईने खुणावायचे, आणि शिपाई महत्त्वाचा सरकारी कागद पोचवावा अशा चेहऱ्याने मधली वाट ओलांडून ती गोळी विरोधी बाकांवर आणून द्यायचा. राजकारणात येण्याआधी त्यांनी शाळेत मुलं शिकवली होती, म्हणून अध्यक्षांपासून उपाहारगृहातल्या वाढप्यापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. ते सरकार पक्षाचे, हा विरोधी पक्षाचा. गेली कित्येक वर्षं दोघांनी एकमेकांविरुद्ध मत दिलं होतं, आणि बाहेर पडल्यावर एकाच छत्रीतून गाडीपर्यंत गेले होते.

मैत्री झाली ती मात्र एका कथा-कीर्तनात. एका समितीची कंटाळवाणी बैठक चुकवून तो संध्याकाळचा सहज पायी निघाला होता, तर रस्त्याच्या वळणावर एका मंडपातून पेटीचा सूर आला आणि पाय आपसूक आत गेले. लहानपणी थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, मांडीवर डोकं ठेवून ऐकलेल्या कथा... शब्द कळायच्या आधी चाल कळायची, आणि झोप लागता लागता वाटायचं, की देव म्हणजे हा गाणारा आवाजच असणार. शेवटच्या रांगेत चटईवर बसला तर शेजारी कोण? तीच बैठक चुकवून आलेले मास्तर! "बोलू नकोस कुठं," ते म्हणाले. "तुम्ही पण नका बोलू," तो म्हणाला. कथेकरी दिवेकऱ्याची गोष्ट सांगत होता. नदीच्या घाटावर दिवा लावणारा एक गरीब माणूस, त्याच्याकडे परमुलखाचा एक वाटसरू आला, म्हणाला, मला रात्रीतून पैलतीरी जाऊन यायचंय, मी परत येईपर्यंत दिवा विझू देणार नाहीस ना? दिवेकऱ्याने शब्द दिला. आणि मग रात्र चढली, पाणी चढलं, आणि घरून निरोप आला, की पोरीला नाग चावलाय, घरात अंधार आहे, जखम दिसत नाही, दिवा घेऊन ये. गावात तेल तेवढंच. दिवेकरी दिवा उचलतो, घराकडे दोन पावलं टाकतो, थांबतो... आणि इथे कथेकऱ्याने गोष्ट सोडली आणि गाणं धरलं. डोळे मिटून, टाळ्या वाजवत, सगळा मंडप त्याच्यामागे. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. मतदानाची घंटा झाली होती, दोघंही धावत सुटले.

पुढचं राहिलंच. मग वर्षानुवर्षं वाद. मास्तर म्हणायचे, "दिवेकरी घाटावर परतला, शंभर टक्के. शब्द म्हणजे शब्द." हा म्हणायचा, "काहीतरीच काय मास्तर, पोर मरतेय घरी! नेला असणार दिवा." "मग त्या वाटसरूनं बुडावं?" "बुडू दे की!" "तू बाबा पुढच्या जन्मी दिवेकरी होऊ नकोस." आणि मास्तर हसायचे, खांदे हलवत, आवाज न करता, वर्गात हसू आलेल्या मुलासारखे.

त्याने मान वर केली. प्रेक्षकांच्या गॅलरीत, कठड्यापाशी, अक्का बसली होती.

सकाळच्या गाडीने आली होती, वाडीतल्या दोघी शेजारणींना घेऊन. खाडीच्या तोंडावर त्यांच्या सात वाड्या, बंदर होणार ते तिथे, आणि विधेयकातलं एकच कलम, दीड ओळीचं, त्या वाड्या उठवणारं. आई गेली तेव्हा अक्का स्वतः परकरातली पोर होती. तिने त्याला वाढवला, शाळेत घातला, पहिल्या निवडणुकीत दारोदार हिंडून "माझ्या धाकट्याला मत द्या, तो खोटं बोलत नाही, बोलला तर मला सांगा" असा प्रचार केला. आज पहिल्यांदा ती त्याला कामावर बघत होती. आत येताना रखवालदाराने तिच्या हातातली कापडी पिशवी ठेवून घेतली, म्हणून ती अजून घुश्शात होती. ती कठड्यावर हात टेकायला जाताच तिथल्या बाईने खुणेने मनाई केली. अक्काने हात मांडीवर घेतले, आणि तिथून, चष्म्याच्या जाड भिंगांतून, ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली. मंत्र्यांकडे नाही, अध्यक्षांकडे नाही.

आणि तिला माहीत नव्हतं, की आज तो मत देऊ शकत नाही.

कसं सांगणार? इथली रीत इथल्याच माणसांना कळते. एका बाजूचा सभासद आजारी पडला, की दुसऱ्या बाजूचा एक जण त्याच्याशी जोडी लावतो. तू परत येईपर्यंत मी मत देणार नाही, म्हणजे तुझ्या आजारपणाने तराजू कलायला नको. याला कायदा नाही, कागद नाही. दोन माणसं हात मिळवतात, दोन्ही पक्षांच्या प्रतोदांच्या कानावर घालतात, बस्स. फार पूर्वी एकाने जोडी मोडली होती. उपाहारगृहात त्या म्हाताऱ्याच्या टेबलापाशी अजून कोणी बसत नाही. त्याच्या पक्षाचेसुद्धा नाहीत.

मागच्या आठवड्यात मास्तर पलंगावर टेकून बसले होते, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, इस्पितळाच्या निळ्या झग्यात एकदम लहान दिसत होते. "मी परत येईपर्यंत जोडी लावशील ना?" त्यांनी विचारलं आणि उशीखालून गोळी काढून दिली. "लावली," तो म्हणाला. विचारसुद्धा केला नाही. तेव्हा बंदराचं विधेयक पुढच्या अधिवेशनात येणार होतं. सरकारने ते अचानक पुढे ओढलं, आणि रात्रीतून पक्षांची गणितं बदलली. काही त्यांच्यातले इकडे, काही इकडचे तिकडे, आणि शेवटी आकडा येऊन ठेपला तो एका मतावर. तो गप्प बसला तर विधेयक एका मताने मंजूर. त्याने 'नाही'चं बटण दाबलं तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की विधेयक पडतं.

शस्त्रक्रियेनंतर मास्तर शुद्धीवर आलेच नव्हते. शुद्धीत असते तर... त्यांनी विधेयकाला 'होय' म्हटलं असतं. त्यात कसलं फसवं समाधान नव्हतं. "माझ्या तालुक्यातली पोरं चावडीवर पत्ते कुटतायत रे," ते म्हणाले होते, "बंदर झालं तर त्यांच्या हाताला काम लागेल. तुझ्या सात वाड्या मला दिसत नाहीत असं नाही. पण मला माझी पोरं आधी दिसतात." हे त्यांचं खरं होतं. त्याचंही खरं होतं. दोन खरी एका जागी ठेवली की त्यातलं एक खोटं पडायला हवं ना? इथे एकही पडत नव्हतं.

मधल्या सुट्टीत तो गॅलरीच्या जिन्यापाशी गेला. अक्का पिशवी परत मिळवून भिंतीलगतच्या बाकावर बसली होती, शेजारणी नळावर पाणी प्यायला गेल्या होत्या.

"काय रे, खुर्ची तरी मऊ आहे ना तुझी?" ती म्हणाली. "सकाळपासून बघतेय, नुसते बसता. एक उठतो, बोलतो, बाकीचे झोपतात. तुझ्या शेजारचा तो टकलू तर चक्क घोरत होता."

"तो आमचा नेता आहे, अक्का."

"मग बरोबर आहे." तिने पिशवीत हात घातला. "बरं, तुझा तो मास्तर कसाय? उठून बसतो का?"

"अजून नाही."

"मी रोज दिवेलागणीला नाव घेते त्याचं. आपल्याकडे आला होता तेव्हा कसा पोटभर जेवला, आठवतं? कालवण संपलं तर म्हणाला, अक्का, तळ खरवडलात तरी चालेल. असल्या माणसाला देव उचलत नाही." तिने एक डबा काढून त्याच्या हातात ठेवला. "इस्पितळात पोचव. त्याला चालणार नसेल तर त्याच्या बायकोला दे. ती कुठली जेवतेय धड."

"अक्का..."

"बोल."

बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती त्याची कॉलर नीट करत होती, शाळेत पाठवताना करायची तशी, थुंकी लावून केस बसवायचेच काय ते राहिले होते, आणि कॉलर नीट करता करता म्हणाली, "मास्तर बरा होऊ दे लवकर. आणि तू ते बटण नीट दाब हं, धाकट्या. घाईत भलतं दाबशील. आम्ही वरून बघतोय." दोन्ही गोष्टी एकाच श्वासात, एकाच मायेने. तिच्या लेखी त्या दोन्हींचं एकमेकींशी काही भांडण नव्हतं. तिच्या देवाजवळ दोन्हींना जागा होती. मग माझ्याचजवळ का नाही?... डबा कोमट होता. तो घेऊन तो आत आला आणि बाकाखाली, पायांपाशी ठेवला.

दुपारनंतर वाद कलमावर आला. कोणी विस्थापितांना पक्की घरं देण्याची दुरुस्ती मांडली, ती आवाजी मतदानात पडली. कोणी नुसता 'शक्यतो' हा शब्द घालण्याची मांडली, तीही पडली. त्याच्या पक्षाची एक तरुण बाई घसा ताणून बोलत होती, वाड्यांची नावं एकेक करून घेत होती, आणि दोन नावं चुकीची घेत होती. एरवी त्याने चिठ्ठी पाठवून सांगितलं असतं. आज वाटलं, चुकीच्या नावाची वाडी तरी कदाचित वाचेल.

तेवढ्यात शिपाई आला. तोच शिपाई, तसाच गंभीर चेहरा, आणि क्षणभर वाटलं, गोळी... पण हातात घडी घातलेली चिठ्ठी होती. प्रतोदाचं अक्षर. 'मास्तर गेले. तू मोकळा. मतदानाला थांब.'

आणि छातीत काहीतरी उघडलं.

दुःखाआधी, डोळ्यांत पाणी यायच्याही आधी, छातीत एक खिडकी धाडकन उघडली आणि खाडीवरचा वारा आत शिरला... वाचल्या! वाड्या वाचल्या, अक्काचं अंगण, जाळी वाळत घालायचे बांबू, सगळं! गॅलरीकडे बघून तो हसला. अक्काही हसली, तिला वाटलं सगळं ठीक चाललंय. त्याचा हात आपोआप 'नाही'च्या लाल बटणाकडे गेला आणि त्याचा गुळगुळीतपणा चाचपून आला. मग हळूहळू, पाय बधिर झाल्यावर त्यात मुंग्या याव्यात तसं, त्याला कळत गेलं, की आपण हसतोय. मास्तर गेले, आणि मी हसतोय.

तो उठला. बाहेर लॉबीत, उंच खिडकीशी, त्याने फोन लावला. कशासाठी? सांत्वनाला, त्याने स्वतःला सांगितलं.

"भाऊजी!" मास्तरांच्या बायकोचा आवाज आला. "मी तुमचीच आठवण काढत होते बघा."

"वहिनी, मला आत्ताच कळलं... मास्तर..."

"कोण काय बोललं? आहेत हो, आहेत! सकाळी छाती बंद पडली होती, पण परत चालू केली डॉक्टरांनी. आता मशिन लावलंय. म्हणतात, मशिन आहे तोवर आहेत." ती थांबली. मागे कसलातरी टिकटिक आवाज येत होता, संथ, एकसारखा. "लेक यायचीय, संध्याकाळच्या विमानाने. तिनं एकदा बघितलं की मग... मग काय ते डॉक्टर विचारतील आम्हाला. भाऊजी, तुम्ही याल ना तेव्हा? मला एकटीला 'हो' नाही म्हणता यायचं."

"येतो," तो म्हणाला. आणखी एक शब्द दिला.

"तुमच्यावर फार भिस्त त्यांची. आत नेताना सिस्टर म्हणाली, काही काळजी करू नका. तर म्हणतात कसे, मला कसली काळजी, माझी जोडी लागलीय."

फोन बंद झाल्यावरही तो टिकटिक आवाज कानात राहिला. काचेपलीकडे अंगणात माळी पाइप धरून उभा होता, पाण्याची धार एकाच रोपावर, रोप केव्हाच आडवं झालेलं, आणि माळी कोणाशी तरी गप्पा मारत होता.

प्रतोद लगबगीने आला. जाडा, घामेजलेला, मनाने वाईट नसलेला माणूस. "काय झालं? कन्फर्म ना?"

"आहेत. मशिनवर. संध्याकाळी लेक येईपर्यंत."

"म्हणजे गेल्यातच जमा."

"आहेत म्हणतोय ना मी."

प्रतोदाने रुमालाने मान पुसली. "हे बघ, मला काय हौस आहे? जोडीला हो मीच म्हटलं होतं, तेव्हा काय माहीत हे लोक असा डाव टाकतील. पण विचार कर. तो परत येणारेय का? नाही. सकाळी गेलाच होता ना एकदा? मग तिथंच संपली तुमची जोडी. आता तिथं श्वास घेतंय ते मशिन. मशिनशी कोणी जोडी लावतं?" आणि मग आवाज खाली आणून, जवळजवळ मायेने, "तुझी बहीण आलीय ना वर? मी बघितली. कोणी तुला नावं ठेवणार नाही. आणि ठेवली तर ठेवू देत, चार दिवस."

"आणि ते गेले नाहीत तर?"

"संध्याकाळी जातायत, तूच म्हणालास."

मी असं म्हणालो? म्हणालो असेन. त्याला वाटलं, आज आपण मास्तरांना दोनदा मारलं. एकदा चिठ्ठी वाचून, आणि एकदा आत्ता. आणि तेवढ्यात मतदानाची घंटा सुरू झाली, लांबलचक, सगळ्या दालनांतून, जिन्यांतून, उपाहारगृहातून, इतकी वर्षं ऐकलेली तीच घंटा, आणि माणसं चहाचे कप टाकून, सिगरेटी विझवत आत पळू लागली. प्रतोदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ढकलला नाही, नुसता ठेवला. पाय आपले आपण चालले.

दारं लागली. कड्या पडल्याचा आवाज झाला आणि सभागृह एकदम शांत झालं, कथेकरी गाण्याआधी श्वास घेतो तसं. "प्रश्न असा आहे," अध्यक्ष वाचू लागले, "की हे विधेयक..." त्याने पायाने डबा चाचपला. डबा होता. खिशात गोळी होती. फोन होता, आवाज बंद केलेला. वर अक्का कठड्याकडे झुकली होती, मनाई विसरून तिने दोन्ही हात त्यावर टेकवले होते, आणि चष्म्यातून ती त्याच्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे नाही, हातांकडे.

"मतदान सुरू."

भिंतीवरच्या फलकावर दिवे लागत चालले. हिरवा, हिरवा, लाल, हिरवा, लाल... आणि खांबालगतच्या बाकाचा एक, आणि त्याचा स्वतःचा एक, दोन चौकोन काळे. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, हे दोघे एकाच घरचे. त्याचं बोट लाल बटणावर होतं. कधी ठेवलं, आठवत नव्हतं. दाबलेलं नव्हतं, उचललेलंही नव्हतं.

त्याने डोळे मिटले. अक्काने शिकवलं होतं, काही सुचेना झालं की डोळे मीट आणि माग. पण काय मागायचं? मास्तर बरे होऊ देत म्हणायला जावं तर मागून दुसरा आवाज उठत होता, खिशातला फोन आत्ता थरथरू दे, आत्ता, फलक मिटायच्या आत... तो त्याचाच आवाज होता, अगदी भाविक. देवा, हे तू ऐकू नकोस. ऐकलं असशील तर धरू नकोस. आणि मांडीपाशी खरोखरच काहीतरी थरथरलं. फोन? की मांडीच? बघायला हात हलवावा लागला असता, आणि एक हात बटणावर होता, आणि दुसरा, त्याच्या लक्षात आलं, खिशातली गोळी घट्ट धरून होता.

मग ते आतलं गाणं वर आलं. त्या संध्याकाळचं, मंडपातलं. शब्द त्याला कधीच नीट येत नव्हते, मास्तरांना येत, ते बाकावर बसल्या बसल्या गुणगुणायचे. नुसती चाल ओठांवर आली, आणि तिच्याबरोबर तो दिवेकरी. इतकी वर्षं त्या गरिबाला दोघांनी दोन्ही बाजूंनी ओढलं होतं. एक म्हणे घाटावर परत जा, एक म्हणे घरी पळ, आणि हसत होते, गोळ्या चघळत होते. पाण्याच्या त्या आवाजात, हातात दिवा घेऊन, घर आणि घाट यांच्या मधल्या दोन पावलांवर तो उभा आहे, आणि त्याला कुणीतरी नुसतं जवळ येऊन उभं राहावं असं वाटत असेल, हे आजवर दोघांच्याही मनात आलं नव्हतं. कथेकऱ्याच्या आलं असेल. म्हणून त्याने तिथे गोष्ट सोडली असेल आणि सगळ्या मंडपाला गायला लावलं असेल. त्याच्यापाशी जायला दुसरी वाट नव्हती म्हणून.

शेजारच्या बाकावरून कोणीतरी वळून पाहिलं. तो गुणगुणत होता. फलक अजून उजळलेला होता, बोट तिथेच होतं, आणि दिव्यातलं तेल, कुणाचीही वाट न बघता, जळत होतं.